८,७६० तासांतले आठ तास

३० जूनला मध्य प्रदेशातल्या पिथमपूरमध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा पडून राहिलेला विषारी कचरा जाळून संपला. ३३७ टन. दुर्घटना डिसेंबर १९८४ची, कचरा संपला जून २०२५मध्ये. बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, "चला, सुटले एकदाचे." धुरातलं सगळं मर्यादेत होतं, असं अधिकाऱ्यांनी सांगितलंय. मला मात्र सवयीने प्रश्न पडला, की कुठल्या दिवशी मोजलं, किती तास मोजलं आणि त्या तासांत भट्टीत नेमकं काय टाकलं होतं?

सवयीने म्हणालो, कारण नोकरीची अठरा वर्षं मी हेच केलं. स्टॅक सॅम्पलिंग. कारखान्याच्या धुराड्यावर चढायचं, भोकात नळी घालायची, धूर ओढून घ्यायचा आणि त्यात काय आहे ते प्रयोगशाळेला शोधू द्यायचं. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, तारापूर, सगळीकडची धुराडी चढलोय. आता मुलुंड पूर्वेला राहतो, गुडघे गेलेत, जिने टाळतो.

आज लिहितोय ते पिथमपूरसाठी नाही, गोवंडीसाठी. मुंबईभरातल्या रुग्णालयांचा कचरा जिथे जळतो ती गोवंडीची भट्टी दोन वर्षांत हलवा, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३मध्ये सांगितलं. म्हणजे मुदत सप्टेंबर २०२५पर्यंतची होती. हलवणं, न हलवणं, मुदतवाढ, यावर चर्चा होतच राहील. पण त्याआधी एक गोष्ट आपण सगळ्यांनी समजून घेतली पाहिजे. जळणाऱ्या कचऱ्यातून निघणारं विष आपण मोजायला कधी शिकलो, आणि मोजतो म्हणजे नक्की काय करतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

*

सुरुवात इटलीपासून. १० जुलै १९७६, मिलानजवळचं सेवेसो गाव. शेजारच्या रसायन कारखान्यातून एक ढग बाहेर पडला. कोंबड्या, ससे मरायला लागले, मुलांच्या चेहऱ्यावर पुरळ उठला. त्या ढगात काय होतं हे गावकऱ्यांना कळायला कितीतरी दिवस गेले. त्यात डायॉक्सिन होतं. या कुटुंबातलं सगळ्यात जहाल, २,३,७,८-टीसीडीडी नावाचं.

तोवर लोकांची समजूत अशी, की डायॉक्सिन म्हणजे रसायन कारखान्यातल्या अपघाताची भानगड. पुढच्याच वर्षी, १९७७मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑली, व्हर्म्युलेन आणि हुत्झिंगर या संशोधकांनी शहरातला साधा घरगुती कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांची राख तपासली. तिच्यात डायॉक्सिन सापडलं. ना स्फोट, ना अपघात, भट्टी रोजच्यासारखीच चालू होती. कचरा जाळणं हेच डायॉक्सिन तयार होण्याचं एक कारण आहे, हे जगाला तेव्हा कळलं.

ते होतं कसं, ते सोपं करून सांगतो. कचऱ्यात क्लोरीन असतो. पीव्हीसीच्या नळ्या, काही प्लास्टिकच्या पिशव्या, मीठ, जंतुनाशकं, कशातूनही येतो. भट्टी पुरेशी तापलेली असेल तर आतले बहुतेक सेंद्रिय पदार्थ मोडतात. पण धूर बाहेर पडताना थंड होतो, आणि साधारण ४५० ते २०० अंशांच्या दरम्यान, उडत्या राखेच्या कणांवर, कार्बन आणि क्लोरीन पुन्हा एकमेकांना धरतात. तांब्यासारखा धातू असेल तर हे जास्तच वेगाने होतं. म्हणजे भट्टीत न टाकलेलं विष धुराड्याच्या वाटेवर तयार होतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण सगळी मोजणी इथे अडखळली. अमेरिकेने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घातक कचऱ्याच्या भट्ट्यांसाठी नियम केला, त्याला आम्ही 'चार नऊ' म्हणायचो: ९९.९९ टक्के. म्हणजे विषारी पदार्थाचे दहा हजार ग्रॅम आत टाकले तर धुराड्यातून एक ग्रॅमपेक्षा जास्त बाहेर यायला नको. त्यासाठी भट्टी सुरू करण्याआधी चाचणी ज्वलन करायचं. नियम चांगलाच होता. पण त्यात आत टाकलेल्या पदार्थाचा हिशोब होतो, वाटेत नव्याने जन्मलेल्याचा होत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागली.

*

ती पद्धत सांगतो, कारण तीच माझी भाकरी होती.

धुरातले सेंद्रिय पदार्थ एकाच जाळ्यात सापडत नाहीत. बेंझिनसारखे पटकन उडून जाणारे पदार्थ छोट्या नळीत भरलेल्या शोषक पावडरीत धरतात. जरा जड असतात ते गार केलेल्या रेझिनमध्ये. काही राखेच्या कणांना चिकटून येतात, ते फिल्टरवर अडकतात. डायॉक्सिन फिल्टरवरही असतं आणि रेझिनमध्येही, म्हणून दोन्ही जपावं लागतं.

धुराड्याला मध्यावर कुठेतरी भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. तिथे लोखंडी प्लॅटफॉर्म. खालून दोरीने पेट्या वर ओढायच्या. तापवलेली नळी आत घालायची आणि धूर ज्या वेगाने वर जातोय त्याच वेगाने ओढायचा. कमी-जास्त वेगाने ओढलात तर कणांचं प्रमाण चुकतं. मग फिल्टर, मग बर्फाच्या पाण्याने गार केलेली काचेची नळी, मग रेझिन, मग काचेच्या बाटल्या, शेवटी पंप. काचेच्या सांध्यांना ग्रीस लावायचं नाही, कारण ग्रीसमधलेच पदार्थ नमुन्यात येतात. काम झालं की सगळी काच सॉल्व्हंटने धुवायची आणि ते धुतलेलंही नमुन्यात घ्यायचं. रुग्णालयाच्या कचऱ्यासाठी नियमात नमुन्याचा वेळ आठ तासांचा आहे. मे महिन्यात, पत्र्यासारख्या तापलेल्या प्लॅटफॉर्मवर आठ तास.

मग नमुना बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळेला. हे करू शकणाऱ्या प्रयोगशाळा देशात फार उशिरा उभ्या राहिल्या. तिरुवनंतपुरमची सीएसआयआरची प्रयोगशाळा त्यातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. डायॉक्सिन आणि त्याचे चुलतभाऊ फ्युरान मिळून २१० प्रकार आहेत. त्यातले १७ जहाल. त्या प्रत्येकाला टीसीडीडीच्या तुलनेत वजन दिलेलं आहे, कुणाला एक, कुणाला दहावा भाग, कुणाला हजारावा. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा काढायचा. त्याला टीईक्यू म्हणतात.

आपल्याकडची मर्यादा आहे घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. मी मुलांना असं सांगायचो: विक्रोळी ते कांजूरमार्ग साधारण दोन किलोमीटर. तेवढी लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच एक खोली बांधा. त्या खोलीभर धुरात मिळून एक ग्रॅम. एवढं थोडं शोधायचं असतं. इतकं थोडं तर चालेल की, असं वाटेल. पण हे विष चरबीत साठतं आणि माणसाच्या अंगातून अर्धं कमी व्हायला सात ते अकरा वर्षं घेतं. ज्या टीसीडीडीबद्दल बोलतोय ते माणसाला कर्करोग करणारं आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७मध्ये जाहीर केलं. रोज थोडंथोडं घेणाऱ्याच्या हिशोबात ते वाढतच जातं.

*

आता आपल्याकडे या. भोपाळनंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८९मध्ये घातक कचऱ्याचे नियम. १ मार्च १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कचऱ्याच्या खटल्यात सांगितलं, की ५० खाटांवरच्या रुग्णालयांनी स्वतःची भट्टी बसवावी किंवा तितकाच परिणामकारक दुसरा उपाय करावा. हेतू साफ होता, रस्त्यावर सुया आणि रक्ताचे बोळे पडू नयेत. पण देशभर रुग्णालयांच्या आवारात धुराडी उभी राहण्याचा तो काळ. त्यातून काय बाहेर पडतं हे मोजायचं कुणी, कसं, याचा पत्ता नव्हता.

१९९८मध्ये रुग्णालयाच्या कचऱ्याचे नियम आले. त्यात धूळ, नायट्रोजनची ऑक्साइड्स, हायड्रोक्लोरिक आम्ल, धुराड्याची उंची ३० मीटर, हे सगळं होतं. डायॉक्सिनची मर्यादा नव्हती. त्याऐवजी एक ओळ होती, की क्लोरीनचं प्लास्टिक जाळू नका. मला ती ओळ तेव्हा फार शहाणपणाची वाटली होती, आजही वाटते. मोजता येत नाही ना, मग निदान आत टाकू नका. अडचण एवढीच, की ती ओळ पाळली जाते की नाही हे भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असतं.

याच काळात आपल्या समोरच्या बंदरात एक प्रकरण गाजत होतं. न्हावा शेवा बंदरात १३३ कंटेनर पडून होते. वंगणतेल म्हणून आणलेलं, तपासल्यावर घातक टाकाऊ तेल निघालं. दुसऱ्या देशांनी आपला कचरा आपल्या दारात आणून टाकला होता. ५ जानेवारी २००५ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की हे तेल देखरेखीखाली जाळून नष्ट करा आणि खर्च आयात करणाऱ्यांकडून घ्या. बघा, विषारी कचऱ्याचं करायचं काय, याचं उत्तर तिथेही 'जाळा' हेच होतं.

१३ जानेवारी २००६ला भारताने स्टॉकहोम करार मान्य केला. डायॉक्सिन आणि फ्युरान कमी करत नेऊ, असं जगाला वचन दिलं. मग जून २००८मध्ये घातक कचऱ्याच्या सामायिक भट्ट्यांसाठी ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा आली. आमच्या ऑफिसात त्या दिवसापासून नव्या काचेची ऑर्डर देण्यावरून वाद सुरू झाले, ते आठवतंय.

आणि नागपूरकरांना आठवत असेल: जुलै २०११मध्ये भोपाळचा हाच कचरा नागपूरजवळच्या डीआरडीओच्या भट्टीत जाळा, असा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा आदेश झाला होता. महाराष्ट्राने नकार दिला. गुजरात त्याआधीच नाही म्हणालं होतं. शेवटी तो पिथमपूरच्याच वाट्याला आला. दूरच्या माणसाच्या दारात जळत असेल तर आपण सुटलो म्हणतो, हे आमच्या ग्रुपवरच्या मेसेजने मला पुन्हा दाखवलं.

*

आपल्या उपनगरांकडे येतो.

माझं लहानपण घाटकोपरचं. चेंबूरला आम्ही 'गॅस चेंबूर' म्हणायचो आणि हसायचो. देवनारचं डंपिंग १९२७पासूनचं, ते कायम कुठेतरी धुमसत असायचं. माझी मावशी गोवंडीच्या शिवाजीनगरात राहायची. तिच्याकडे गेलं की घरी परतल्यावर शर्टाला तो वास. भंगारातल्या वायरी जाळून तांबं काढणारी पोरं तिच्या गल्लीच्या टोकाला दिसायची. पीव्हीसी आणि तांबं एकत्र जळताना काय होतं ते वर सांगितलंच. मला ते कळलं पुढे पंधरा-वीस वर्षांनी, मॅन्युअल वाचताना.

२०१२मध्ये देवनार आणि मालाडच्या डंपिंगवरच्या हवेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मालाडचं डंपिंग म्हणजे चिंचोली बंदरचं, ज्याला लागून आज काचेची ऑफिसं उभी आहेत. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या हवेत ६४ प्रकारचे उडणारे सेंद्रिय पदार्थ ओळखले. त्यातले १३ घातक यादीतले. तिथे काम करणाऱ्यांना होऊ शकणाऱ्या कर्करोगाचा धोका त्यांनी हिशोबाने मांडला: देवनारला दहा लाखांत २७५, मालाडला १३९. हा हिशोब डंपिंगवर काम करणाऱ्यांचा आहे, शेजारी राहणाऱ्यांचा नाही. पण निदान कुणीतरी नळी घेऊन तिथे गेलं आणि आकडा आणला.

मग जानेवारी २०१६ची आग. देवनार पेटलं, धूर अवकाशातून दिसला, नासाने फोटो टाकला, आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. टीव्हीवर आकडे चालू होते, पीएम इतकं, एक्यूआय तितका. मावशीने फोन केला. म्हणाली, "अरे, तू मोजतोस ना? मग सांग ना, काय आहे या धुरात? खिडक्या लावून घेऊ की मुलाकडे बदलापूरला जाऊ?"

मी म्हणालो, "बदलापूरला जा." काय आहे ते सांगता आलं नाही. कारण एक्यूआयमध्ये आठ गोष्टी असतात: दोन प्रकारची धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. डायॉक्सिन, फ्युरान, बेंझिन त्यात नाहीत. २००९च्या राष्ट्रीय मानकांत बेंझिन आणि बेंझोपायरीन आहेत, डायॉक्सिन तिथेही नाही. आपण सकाळी मोबाइलवर हिरवा-पिवळा रंग बघून फिरायला जायचं की नाही ते ठरवतो, त्या रंगात या विषाचा हिशोबच नसतो.

आकडा आला की काय होतं याचं उदाहरण शेजारीच आहे. माहुलच्या रहिवाशांनी तेल आणि रसायनांच्या टाक्यांमधून येणाऱ्या वाफांविरुद्ध हरित न्यायाधिकरणात धाव घेतली. वर्षानुवर्षं नुसता 'वास येतो' म्हणत होते. केईएमने आरोग्याची पाहणी केली, हवेतल्या सेंद्रिय वाफा मोजल्या गेल्या, आणि ऑगस्ट २०२०मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपये भरायला सांगितले. वासाला कुणी दाद दिली नव्हती, मोजणीला द्यावी लागली.

*

आता गोवंडीची भट्टी. २००९पासून चालू. तिथे जळतो तो कचरा गोवंडीचा नाही, आपला आहे. घाटकोपरचं राजावाडी, जुहूचं कूपर, बोरिवलीचं भगवती, मुलुंडचं अग्रवाल आणि आपल्या नाक्यावरचं नर्सिंग होम. तुमच्या आईची पट्टी बदलली, बोळा पिवळ्या पिशवीत गेला. मुंबईच्या पिवळ्या पिशव्यांची वाट गोवंडीला जाते.

रुग्णालयाच्या कचऱ्याचे नवे नियम २८ मार्च २०१६ला आले. त्यात पहिल्यांदा डायॉक्सिन-फ्युरानची ०.१ नॅनोग्रॅमची मर्यादा आली आणि ती गाठायला दोन वर्षं दिली. हिशोब करा. २००९ ते २०१८ मुंबईभरातल्या रुग्णालयांचा कचरा लोकवस्तीत जळत होता आणि त्या धुरातल्या सगळ्यात वाईट विषाला नियमात मर्यादाच लागू नव्हती. मर्यादा नव्हती म्हणून मोडलीही नाही. कागदावर सगळं ठीक.

स्थानिकांची संस्था, गोवंडी न्यू संगम वेल्फेअर सोसायटी, उच्च न्यायालयात गेली. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने दोन वर्षांत भट्टी रायगडमधल्या खालापूरला हलवायला सांगितलं. गोवंडीच्या लोकांनी हे चिकाटीने मिळवलं, त्यांना सलाम.

*

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

२०१६च्या नियमांत डायॉक्सिनची तपासणी वर्षातून एकदा करायची आहे. भट्टी चालवणारा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला बोलावतो, पैसे तोच देतो. नमुना आठ तासांचा. वर्षात ८,७६० तास. म्हणजे हजारातला एक तासही आपण बघत नाही.

नियम येण्याच्या काही वर्षं आधी मी एका भट्टीवर गेलो होतो. कुठली ते सांगणार नाही, ती गोवंडीची नव्हती एवढं सांगतो. तारीख आठ दिवस आधी ठरली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा भट्टी छान तापलेली, डिझेलचे बर्नर पूर्ण चालू, पॅनेलवर आकडा हलत नव्हता. बाजूला पिशव्या नीट लावून ठेवलेल्या. कापूस, बँडेज, कागद. दिवसभर तेच जळालं. नळ्या नाहीत, सलाइनच्या पिशव्या नाहीत, हातमोजे नाहीत. मी वरून बघत होतो. संध्याकाळी पेट्या खाली उतरवताना तिथला कामगार म्हणाला, "साहेब, उद्या या. उद्या खरा माल येणार."

मी हसलो. त्यालाही वाटलं मी गंमत समजून हसलो. आमच्या फॉर्मवर तापमान होतं, दाब होता, धुराचा वेग होता, तासाला किती किलो कचरा टाकला ते होतं. काय टाकलं याचा रकाना नव्हता. आकडा मर्यादेच्या आत आला. मी सही केली. आकडा शंभर टक्के खरा होता, एका अंकाचीही गडबड नव्हती. आणि त्या भट्टीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नव्हतं.

हा फक्त आपल्याकडचा रोग नाही. १९९८मध्ये बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या संशोधकांनी एका भट्टीवर नेहमीचा सहा तासांचा नमुना घेतला आणि त्याच धुराड्यावर दोन आठवडे सतत चालणारा नमुनाही घेतला. दोन आठवड्यांचा आकडा तीस ते पन्नास पट जास्त आला. कारण भट्टी पेटवताना, विझवताना, मध्येच ओला माल आल्यावर तापमान घसरतं, आणि विष तेव्हाच जास्त तयार होतं. ठरलेल्या दिवशीच्या सहा तासांत हे दिसत नाही. यानंतर बेल्जियमने भट्ट्यांना सततचा नमुना लावायला सांगितलं: धुराड्यात रेझिनचं काडतूस कायम बसलेलं, ठरावीक आठवड्यांनी काढून तपासायचं. तंत्र जुनं झालंय आता, नवल राहिलेलं नाही.

आपल्याकडे सतत मोजतात ते तापमान, कार्बन मोनॉक्साइड असे आकडे. ते उपयोगी आहेत. तापमान घसरलं की लगेच कळतं. पण डायॉक्सिन ऑनलाइन दिसत नाही, ते साठवूनच मोजावं लागतं.

*

मग आपण काय करायचं? मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. आकडा मागा म्हणतोय, आणि आकड्याच्या मागचा दिवस मागा.

भट्टी चालवणाऱ्याने वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत द्यायचा असतो आणि तो संकेतस्थळावर ठेवायचा असतो, हे नियमात आहे. तो शोधा. डायॉक्सिनचा प्रत्यक्ष अहवाल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या शीवच्या मुख्यालयातून माहितीच्या अधिकारात मागा. अर्जात नुसतं 'प्रदूषणाची माहिती द्यावी' असं लिहू नका, त्याला उत्तरही तसंच मोघम येतं. असं विचारा:

१. २०१८पासून प्रत्येक वर्षी डायॉक्सिन-फ्युरानचा नमुना कुठल्या तारखेला, किती वाजता, किती तास घेतला?
२. त्या तासांत तासाला किती किलो आणि कुठल्या प्रकारचा कचरा जाळला? त्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी किती?
३. त्या दिवशीच्या आणि त्या महिन्याच्या दुसऱ्या भट्टीकक्षातल्या तापमानाच्या नोंदी.
४. तपासणीची तारीख भट्टीला किती दिवस आधी कळवली होती?

चार ओळी आहेत. माझ्यासारख्या सॅम्पलिंगवाल्याला त्या वाचून घाम फुटेल, म्हणून सांगतोय.

दुसरं, खालापूर. गोवंडीची भट्टी तिथे गेली की आपला धूर तिकडे जाणार. तिथल्या लोकांना पंधरा वर्षांनी कोर्टात जायची वेळ येऊ नये. नवी भट्टी पेटण्याआधी तिथली माती तपासून ठेवा. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासा. कोंबडी माती टिपते आणि विष अंड्यातल्या चरबीत उतरतं, त्यामुळे जगभर अंड्यावरून हा तपास करतात. आधीचा आकडा हातात असला तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. आणि नव्या धुराड्यात पहिल्या दिवसापासून सततच्या नमुन्याचं काडतूस बसवा, ही अट आत्ताच घालता येईल. बांधून झाल्यावर खर्चाचं कारण सांगतील.

तिसरं, देवनारलाच रोज ६०० टन कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभा राहतोय. एक धुराडं जाणार म्हणून गोवंडीकर श्वास सोडतील, तोवर दुसरं येईल. त्यालाही ०.१चीच मर्यादा आहे. त्याची मोजणी कशी होणार, हे विचारायची वेळ आत्ताच आहे.

आणि शेवटचं आपल्या हातातलं. ओळखीचे डॉक्टर असतील, कुणाची सून नर्स असेल, त्यांना विचारा की पिवळ्या पिशवीत नळ्या आणि हातमोजे जातायत का. ते लाल पिशवीत जायला हवेत. १९९८च्या नियमातली ती एक ओळ अजूनही सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो राजावाडीच्या वॉर्डात सुरू होतो, गोवंडीच्या धुराड्यावर नाही.

मावशी आता बदलापूरलाच असते. परवा फोनवर तिला हे लिहितोय म्हणून सांगितलं. म्हणाली, "तेव्हा नाही सांगितलंस, आता तरी सांग सगळ्यांना." म्हणून सांगितलं.

कुणी माहितीच्या अधिकारात अर्ज करणार असेल तर कमेंटमध्ये लिहा, मसुदा मी करून देतो. उत्तर आलं तर तेही इथे टाका. आकडे वाचून त्या दिवशी काय झालं असेल, एवढं सांगण्याइतका अनुभव अजून शिल्लक आहे.